आईच्या नावावर व्हेंटिलेटरचं बिल निघालंय. तक्रार केली तर आईच अडकेल का?

तापीकाठचा केळीवाला

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात तापीकाठी आमचं गाव. तीन एकर केळी, थोडा कापूस. तालुक्याचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या हातात अजून कागद नाही, आणि कागदाशिवाय कोणावर शिंतोडे उडवायचे नाहीत. पण घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

पोळा झाल्यावर आठवडाभरात आईला ताप भरला. आई ६३ वर्षांची. तेव्हा गावात घरोघरी ताप होता. गावातल्या डॉक्टरांच्या दोन सुयांनी उतरला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी, सोमवारी, मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला नेलं. पेशी कमी झाल्यात म्हणाले, अॅडमिट केलं. सहा खाटांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तीन दिवस सलाईन चाललं. गुरुवारी सकाळी आई स्वतःच्या पायाने जिना उतरली आणि स्टँडवर आम्ही दोघांनी चहा घेतला. मी रोख १४,२०० रुपये भरले. त्यातल्या निम्म्याची पावती साध्या कागदावर होती.

अॅडमिट करताना काउंटरवरच्या मुलाने आयुष्मान कार्ड मागितलं. मी विचारलं, योजनेत बसतं का? तो म्हणाला, "तापाला योजना नसते, फाइलला नुसती नोंद लागते." मशीनवर आईचा अंगठा घेतला. घरी सोडताना पुन्हा एकदा घेतला आणि एका छापील कागदावर सही पण घेतली. आई सही करते, पण वाचायला तिला चष्मा लागतो आणि चष्मा घरी होता.

डिसेंबरात माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, छातीत दुखलं. जळगावला नेलं, एक ब्लॉक निघाला, स्टेंट टाकला. आबा आता बरे आहेत. पण तिथल्या आरोग्यमित्र मुलीने, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणारीने, फाइल करताना विचारलं, "दादा, यंदा तुमच्या कुटुंबावर एक मोठा क्लेम आधीच झालाय, माहीत आहे ना?" तिने पडदा माझ्याकडे वळवला. आईचं नाव. भरती सोमवार, म्हणजे बरोबर. सुट्टी मात्र पुढच्या मंगळवारी. आजार म्हणून रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग, उपचारात आयसीयू आणि व्हेंटिलेटर. रक्कम ८४,००० रुपये. आबांच्या ईसीजीच्या पाकिटावर मी ते आकडे लिहून घेतले. हात थरथरत होता.

घरी येऊन आईला विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, दुसरा दिन एक पोऱ्या उना. माले बाजूना खोलीमा लई गया. तोंडले नळी लायी, फोटू काढा, नि लगेच काढी लिधी. माले वाटनं तपासनी शे."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. आमच्या केळीवर व्यापारी काटा मारतो तेव्हा काटा तरी समोर असतो, भांडता येतं. इथे माझ्या आईचं तोंड वापरलं, आणि तिला वाटत राहिलं की आपली काळजी घेतायत. तिने त्या मुलाला जाताना "देव तुनं भलं करो" म्हटलं होतं, हेही तिनेच सांगितलं.

गल्लीत विचारलं. त्याच पंधरवड्यात तिथे तापाने भरती झालेल्या आणखी तीन बायका निघाल्या. तिघींनाही त्याच खोलीत नेऊन फोटो काढलेला.

आता अडचण सांगतो. ते डॉक्टर कोरोनात बाकीचे दवाखाने बंद असताना उघडे ठेवून बसले होते. माझे चुलते तेव्हा त्यांच्यामुळेच वाचले, हे मी विसरलेलो नाही. माझा चुलतभाऊ तिथे कंपाउंडर आहे. तो येऊन म्हणाला, "आबांचं काम फुकट झालं ना? मग कशाला उकरतोस? आणि अंगठा मोठीआईनेच दिलाय, चौकशी लागली तर तिला बोलावतील." या वाक्याने आई घाबरली. ती म्हणते, सोड.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. आईचा अंगठा आणि सही आहे म्हणून ती अडकेल का? तक्रार नेमकी कोणाकडे करायची? आणि आईला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं असं जे सरकारदरबारी लिहिलंय, ते पुसता येईल का? उद्या तिला खरंच काही झालं तर डॉक्टर तेच वाचतील.

माजी आरोग्यमित्र, धुळे

दादा, मी सहा वर्षं आरोग्यमित्र होतो. धुळे जिल्हा या योजनेत पहिल्यापासून आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. पुढे २०१७ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना नाव झालं, मग २०१८ च्या आयुष्मान भारतची जोड मिळाली. तेव्हा वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता ५ लाखांचं आहे आणि केशरी-पिवळ्या कार्डापुरतं न राहता सगळ्यांना आहे. मी या योजनेतून लोकांची हृदयं, किडन्या वाचताना बघितल्यात. म्हणून तुमचं वाचून जास्त लागलं.

फाइल कशी बनते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठे बोट ठेवायचं ते कळेल. आधी अंगठा किंवा चेहऱ्याने ओळख पटवतात. मग दवाखाना मंजुरी मागतो, त्यात आजार, तपासण्या आणि पेशंटचा खाटेवरचा फोटो जातो. सुट्टीनंतर डिस्चार्ज कार्ड, नर्सिंगच्या नोंदी आणि पेशंटचं समाधानपत्र लावून क्लेम जातो. तुमच्या आईने सही केली तो छापील कागद बहुधा तेच समाधानपत्र. "उपचार मोफत झाले, पैसे घेतले नाहीत" असं त्यावर छापलेलं असतं. आणि तुम्ही तर १४,२०० भरलेत. क्लेम तपासणारा डॉक्टर लांब कुठेतरी बसून स्कॅन केलेले कागद बघतो. खाटेपाशी तो कधीच येत नाही. त्याच्यासाठी फोटो हाच पेशंट.

आरोग्यमित्राने रोज वॉर्डात फिरून पेशंटला बघायचं असतं. खरं सांगतो, कंत्राटी पगार, बसायला खुर्ची दवाखान्याची, चहा दवाखान्याचा. वॉर्डात न जाता सही करणारे माझ्याबरोबर होते. मी एकदा हटकलं तर महिनाभरात माझी बदली साक्रीला झाली.

आता पुराव्याचं. व्हेंटिलेटर खरा असेल तर घशात नळी घातल्याची नोंद, तासातासाचा आयसीयू चार्ट, रक्तातल्या वायूंच्या तपासण्या, झोपेच्या औषधांचा हिशोब हे सगळं फाइलमध्ये पाहिजे. ते त्यांनी बनवलेलं असेल. पण गुरुवार ते मंगळवार तुमची आई घरी होती, हे त्यांना बनवता येणार नाही. त्या दिवसांतला काहीतरी तारखेचा कागद शोधा. बँक, पोस्ट, मेडिकलची पावती, लग्नाचा फोटो, काहीही. रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा लागलाय का ते आधी बघा. तिथे तारीख आणि वेळ दोन्ही पडतात.

तक्रार योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्ह्याची तक्रार निवारण समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. त्याआधी १५५३८८ वर किंवा १४५५५ वर फोन करून नोंदणी क्रमांक घ्या.

आणि एक हात जोडून विनंती. जळगावला पडदा वळवून दाखवणाऱ्या त्या मुलीचा उल्लेख अर्जात करू नका. माहिती तुम्ही कार्डाच्या आधारे स्वतः मागितली असं लिहा, आणि आता खरोखर लेखी मागा.

भुसावळचा डॉक्टर

माझं २० खाटांचं हॉस्पिटल आहे, योजनेत पाच वर्षं होतो. आमच्या बाजूचंही ऐका, पण ते त्या डॉक्टरच्या बचावासाठी नाही. पॅकेजचे दर, म्हणजे योजनेने एकेका उपचाराला ठरवून दिलेली रक्कम, काही आजारांत खर्चाला पुरत नाहीत, क्लेमचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, त्रुटी काढून परत येतात. स्टाफचा पगार मात्र १ तारखेला द्यावा लागतो. मी बाहेर पडलो तो याच कारणाने. कोणी म्हणेल की दर परवडत नाही म्हणून लोक असं करतात. मला ते पटत नाही. परवडत नसेल तर बाहेर पडायची वाट उघडी आहे, मी पडलोच ना. ताप आलेल्या बाईच्या तोंडाला नळी लावून फोटो काढायला दराचं कारण चालत नाही.

एक सावधगिरी सांगतो. पडद्यावरचं पॅकेजचं नाव कधीकधी प्रत्यक्ष आजारापेक्षा भारी वाटतं. पेशी २० हजारांखाली आणि बीपी पडलेला पेशंट कागदावर "गंभीर" दिसतो आणि तो खरंच गंभीर असतो. म्हणून आधी केसपेपर मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून नियम आहे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज आईच्या सहीने करा, डाकेने रजिस्टर पाठवा. त्यांनी दिले तर दोन तारखा आपोआप समोरासमोर येतील. नाही दिले तर ती दुसरी तक्रार.

योजनेत क्लेम केला आणि वर रोख घेतले, तर आजार काय होता हा वाद बाजूला ठेवला तरी हे सरळसरळ बेकायदेशीर आहे. साध्या कागदावरची पावती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा.

नोंद पुसण्याबद्दल तुम्ही विचारलंत, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. उद्या आईंना भूल द्यायची वेळ आली आणि भूलतज्ज्ञाने "पूर्वी व्हेंटिलेटर, सेप्सिस" (म्हणजे तोच रक्तातला जंतुसंसर्ग) वाचलं तर तो वेगळा विचार करेल. कदाचित ऑपरेशनच पुढे ढकलेल. अर्जात हे स्वतंत्र परिच्छेदात लिहा, की नोंद खोटी आहे आणि दुरुस्त करून मिळावी. तोवर आईंच्या पाकिटात त्या तीन दिवसांचे खरे रक्ताचे रिपोर्ट ठेवा.

बिनधास्त_३४

पैसा सरकारचा. तुमच्या आईला काही इजा नाही, वडिलांचं काम झालं. एक चांगला डॉक्टर बंद पाडाल आणि मग ताप आल्यावर नेणार कुठे?

निवृत्त लेखापरीक्षक, अमळनेर

वरच्या भावांना उत्तर देतो, कारण आयुष्यभर हेच काम केलं.

सरकारचा पैसा म्हणजे आकाशातून पडलेला नाही. आणि इथे तर हिशोब थेट घरातला आहे. ५ लाख एका माणसाचे नसून वर्षभरासाठी पूर्ण कुटुंबाचे असतात. आबांना एक स्टेंट लागला म्हणून भागलं. डायलिसिस, कॅन्सर किंवा मोठा अपघात निघाला असता तर हेच ८४,००० कमी पडले असते. तेव्हा कोणाच्या दारात गेला असता?

कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या देशाच्या महालेखापरीक्षकांनी, आयुष्मान भारतचं लेखापरीक्षण करून ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल संसदेत मांडला. त्यात ७ लाख ४९ हजारांहून जास्त लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल नंबरला जोडलेले सापडले. आधीच मृत नोंदवलेल्या ३,४४६ पेशंटच्या नावावर पुन्हा उपचार दाखवून ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले होते. एकच माणूस एकाच वेळी दोन दवाखान्यांत भरती, अशीही हजारो प्रकरणं होती. २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की १,११४ दवाखाने योजनेतून काढले आणि ५४९ निलंबित केले. म्हणजे तक्रारीने काहीच होत नाही, हे खरं नाही.

केळीवाले भाऊ, तुमच्या कामाचा मुद्दा त्या मोबाइल नंबरात आहे. आईंच्या कार्डाला कोणाचा नंबर जोडलाय ते बघा. भरती आणि सुट्टीचे मेसेज त्या नंबरावर जातात. तुम्हाला मेसेज आला नाही, याचा अर्थ तो दुसऱ्या कोणाला तरी आला.

आई अडकण्याबद्दल. भारतीय न्याय संहितेतल्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूक म्हणजे अप्रामाणिक हेतू लागतो. आईंना एक रुपया मिळालेला नाही, उलट १४,२०० गेलेत. न वाचता, चष्म्याशिवाय सही घेतली हे अर्जातच लिहून टाका. गप्प राहून उद्या दुसऱ्या कोणाच्या तक्रारीतून हे बाहेर आलं, तर मात्र तुम्ही आधी का बोलला नाहीत हे विचारलं जाईल. चुलतभावाला सांगा, आईच्या रक्षणाचा रस्ता हाच आहे. आणि त्यालाही जपा, तो पगारी माणूस आहे, फाइलवर त्याची सही नसावी एवढी आशा करू.

सातपुड्यातली आशा

मी धडगावकडची. तुमच्याकडे निदान तुम्ही विचारायला गेलात. आमच्या पाड्यांवर गाडी येते, मोफत तपासणी म्हणून बायामाणसांना भरून नेते, संध्याकाळी आणून सोडते. कार्ड सोबत घ्या एवढंच सांगतात. परत आल्यावर मी विचारते, काय झालं? "सुई दिली, जेवण दिलं." बस्स. कोणत्या कागदावर अंगठा दिला ते कोणालाच माहीत नसतं, आणि आमच्याकडे तर मराठीही सगळ्यांना येत नाही.

आमच्याकडून लोक उपचाराला गुजरातला पण जातात, म्हणून नोव्हेंबर २०२४ ची बातमी मी विसरू शकत नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत शिबिर झालं. तिथून १९ जणांना अहमदाबादच्या दवाखान्यात नेलं, ७ जणांना स्टेंट टाकले आणि त्यातले दोघं मेले. घरच्यांना विचारलंच नव्हतं. तुमच्या आईची नळी पाच मिनिटांत काढली. तिथे खरीच चिरफाड झाली. फोटोवर भागलं नाही की पुढची पायरी ही असते, म्हणून बिनधास्त भाऊ, इजा नाही असं म्हणू नका.

त्या बाकीच्या तीन बायकांना एकटं सोडू नका दादा. त्यांचे मुलगे सुरतेला असतील, नवरे शेतात. चौघींचा अर्ज एकत्र गेला तर एकीला कोणी दाबू शकत नाही.

तापीकाठचा केळीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत बरंच झालं, ते सांगतो.

रेशन दुकानात गेलो. आबांची बोटं शेतकामाने घासलीत, मशीन घेत नाही, म्हणून दर महिन्याला आईच जाते. त्या आठवड्याच्या शनिवारी सकाळी ११ वाजून काही मिनिटांनी आईचा अंगठा लागलाय. गहू, तांदूळ घेतल्याची पावती दुकानदाराने काढून दिली. योजनेच्या कागदावर त्या वेळी आई व्हेंटिलेटरवर आहे. मी ती पावती हातात धरून दुकानासमोरच्या ओट्यावर बसून राहिलो. धुळ्याचे दादा, हे तुम्ही सुचवलं नसतं तर माझ्या डोक्यात कधी आलं नसतं.

मोबाइल नंबर बघितला. आईचं कार्ड ग्रामपंचायतीत शिबिरात काढलं होतं. जोडलेला नंबर आमच्या घरातल्या कोणाचाच नाही. गल्लीतल्या दोघींच्या कार्डालाही तोच नंबर आहे.

केसपेपरचा अर्ज रजिस्टर डाकेने पाठवलाय. १५५३८८ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळालाय. चुलतभाऊ रात्री घरी आला होता. मी त्याला पावती दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "फोटो काढणारा मी नव्हतो." मी म्हटलं, मला माहीत आहे. तो जेवला नाही, तसाच गेला. त्याच्याशी नातं राहील की नाही, कळत नाही. काकू दुपारी येत असे, ती दोन दिवस आली नाही.

आईला भुसावळच्या डॉक्टरांचं वाक्य वाचून दाखवलं, भूल देण्याबद्दलचं. तेव्हा ती सोड म्हणायची थांबली. मग विचारलं, "आनि त्या तीन जनीस्नं?" आज दुपारी ती स्वतःच तिघींच्या घरी जाऊन आली. दोघी तयार आहेत. तिसरीचा मुलगा सुरतेहून फोनवर नको म्हणाला, पण ती म्हणते मी येते, अंगठा माझा होता.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही पाच जण जळगावला येतोय. अर्जाच्या चार प्रती, रेशनची पावती, साध्या कागदावरची पावती आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत आहेत. बायका कधी अशा ऑफिसात गेलेल्या नाहीत. जळगावातलं कोणी जिल्हा समन्वयकाच्या ऑफिसपर्यंत आमच्यासोबत येऊ शकेल का? आम्ही साडेनऊला नवीन बसस्टँडवर चौकशी खिडकीजवळ थांबू. आईने हिरवं लुगडं नेसलेलं असेल आणि यावेळी चष्मा सोबत असेल.